पंचेचाळीस दिवस आपल्याला, कोर्टाला मात्र कितीही वर्षं

निकाल लागला की तासाभरात ग्रुपवर वाक्य पडतं, 'कोर्टात जाऊ.' ते वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण एकदा मी खरंच एका उमेदवाराबरोबर त्या वाटेने गेले होते.

आमच्या वॉर्डातल्या काकू ग्रामपंचायतीला तीन मतांनी पडल्या. मयत माणसांच्या नावावर मतदान झालं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि बूथवरच्या पोरांनी नावं लिहूनही ठेवली होती. आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला. तिथून दुसरीकडे पाठवलं, मग तिसरीकडे. पोच मात्र सगळीकडे मिळाली. शेवटी वकिलांकडे गेलो, तर त्यांनी कागदांना हात लावायच्या आधी विचारलं, "निकाल कधी लागला?" अठरावा दिवस होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आव्हान द्यायची मुदत निकालापासून १५ दिवस, आणि अर्ज जातो दिवाणी न्यायाधीशांकडे. तीन कार्यालयांत हे कुणीही सांगितलं नाही. काकूंनी पोचपावत्यांची पिशवी उचलली आणि गाडी मिळेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

महापालिकेत तर मुदत दहाच दिवसांची. आमदार-खासदारांसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ निकालापासून ४५ दिवस देतो. निवडणूक याचिका थेट उच्च न्यायालयात करायची. हरलेल्या उमेदवारानेच करावी असं नाही, त्या मतदारसंघातला मतदारही करू शकतो. पण ४६व्या दिवशी गेलात तर आजारपण, वकील, गाडी चुकली, काहीही चालत नाही. उशीर माफ करायची सोयच नाही.

दोन हजार रुपयांची अनामत भरली नाही, तर याचिका गेली. ज्याच्यावर भ्रष्ट आचाराचा, म्हणजे लाच, धाकदपटशा अशा गैरप्रकारांचा आरोप केलात तो उमेदवार प्रतिवादी केला नाही, तरी गेली. आरोप करायचा तर कुणी, कुठे, कोणत्या तारखेला, सगळं लिहायचं आणि वर प्रतिज्ञापत्र जोडायचं. 'पैसे वाटले, सगळ्या गावाला माहीत आहे' याला तिथे काडीची किंमत नाही.

सगळ्यात अवघड पुढेच आहे. मतमोजणीत चूक झाली एवढं दाखवून भागत नाही. त्या चुकीमुळे निकाल बदलला, हेही दाखवावं लागतं. मुंबई उत्तर-पश्चिममधून लोकसभेला २०२४ साली रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. हरलेल्या अमोल कीर्तिकरांच्या याचिकेत वाद होता ३३३ प्रदत्त मतांचा, म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय असं आढळल्यावर खऱ्या मतदाराला जे मत कागदावर देऊ देतात, ते. आकडे शेजारी ठेवले की कुणालाही वाटेल, आता सुनावणी होणारच. पण आवश्यक तथ्यंच मांडलेली नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती याचिका सुरुवातीलाच फेटाळली.

म्हणून निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, तयारी मोजणीच्या टेबलावरच करा. मतदान संपल्यावर आपल्या प्रतिनिधीला १७-सी ची, म्हणजे त्या बूथवर किती मतं पडली याची नोंद असलेल्या फॉर्मची प्रत मिळते, ती बूथनिहाय लावून ठेवा. फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. तोंडी आरडाओरडा केल्याचा पुरावा उरत नाही.

हा कडकपणा मला चुकीचा वाटत नाही. लाखो माणसांनी उन्हात रांग लावून दिलेला कौल ऐकीव गोष्टींवर उलटू नये. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्याच कलम ८६ मध्ये लिहिलंय की सुनावणी सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न! याचिकाकर्त्याचा एक दिवस चुकला तर दार बंद, आणि न्यायालयाने नुसता प्रयत्न करायचा? इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक १९७१ ची, ती रद्द करणारा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल १२ जून १९७५ चा. आपल्याकडे विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मध्ये झाली. उच्च न्यायालयाने तिथून निवडून आलेल्या रमेश प्रभू यांची निवड १९८९ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं डिसेंबर १९९५ मध्ये. ती विधानसभा केव्हाच संपली होती, नंतरच्या दोन निवडणुकाही होऊन गेल्या होत्या. पार्ल्याच्या मतदाराच्या हाती काय आलं?

प्रत्येक उच्च न्यायालयात निवडणूक याचिकांसाठी वेगळे न्यायाधीश द्या, बाकीची कामं त्यांच्याकडून काढून घ्या, आणि कलम ८६ मधला 'प्रयत्न' हा शब्द खोडा. ४५ दिवस जसे आम्हाला बंधनकारक आहेत, तसे ते सहा महिनेही बंधनकारक करा.