अंदाजपंचे नव्हे, मोजलेलं आहे

सध्या एक मजकूर खूप फिरतोय: ‘मंगळावरून एक खडाही कुणी आणलेला नाही, तरी तिथल्या ज्वालामुखीच्या खनिजांचे नकाशे छापतात. रंग कॉम्प्युटरने भरलेले, नावं अंदाजाने. तपासायला कोण जाणार?’

यानाने खडा आणलेला नाही, हे खरं. पण 1865 साली बिहारमधल्या शेरघाटीला पडलेली अशनी मंगळाच्या बसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाचीच आहे. तशा अशनींना त्या गावावरूनच शेरगॉटाइट म्हणतात.

नकाशातले रंग भरलेले असतात, हेही मान्य. पण कशाच्या आधारावर? मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरचं क्रिझम हे उपकरण प्रत्येक ठिपक्यासाठी 500हून अधिक तरंगलांबींवर प्रकाश मोजू शकत होतं. ऑलिव्हिन या ज्वालामुखी खडकांतल्या खनिजामधलं लोह 1 मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषतं आणि वर्णपटात, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो त्या आलेखात, तिथे रुंद खळगा पडतो. पायरॉक्सिन या दुसऱ्या खनिजाचे खळगे दोन, 1 आणि 2 मायक्रॉनजवळ. त्यातलं कॅल्शियम वाढलं की ते लांब तरंगलांबीकडे सरकतात. हे खळगे प्रयोगशाळेत खऱ्या दगडांवर मोजलेले आहेत. आपल्या लोणारच्या, आघाताने बदललेल्या बसाल्टचाही असा अभ्यास झालाय.

‘तपासायला कोण जाणार’ हा प्रश्न मात्र मला सर्वांत खटकतो, कारण तपासून झालंय, तेही अनेकदा. वेस्टा या लघुग्रहावर बसाल्ट आहे, हे 1970 साली पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून ओळखलं होतं. 2011 साली डॉन यान तिथे पोचलं आणि ते खरं ठरलं. मंगळावर मेरिडियानी या भागात हेमटाइट हे लोहाचं खनिज आहे, असं कक्षेतून दिसलं, म्हणूनच 2004 मध्ये ऑपॉर्च्युनिटी ही बग्गी तिथे उतरवली, आणि हेमटाइटच्या गोळ्या जमिनीवर विखुरलेल्या सापडल्या. मंगळावरच्याच जेझेरो विवरात ऑलिव्हिन असल्याचं कक्षेतूनच कळलं होतं. पण ते राखेतून आलं की लाव्हातून, यावर वाद होता. 2021 मध्ये तिथे उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स बग्गीला विवराच्या तळाशी ऑलिव्हिनचे एकमेकांना टेकलेले मोठे कण दिसले. वितळलेला खडक सावकाश थिजताना जड स्फटिक तळाला बसतात, तशी ती रचना होती. खनिज वरून ओळखता आलं. त्याची जन्मकथा कळायला खाली उतरावं लागलं.

मर्यादा विचारायच्या असतील तर त्या खऱ्या विचारा. असा प्रकाश फक्त वरच्या पातळ थराबद्दल सांगतो. मंगळावरच्या थार्सिस या भागातल्या प्रचंड ज्वालामुखींवर धुळीचा थर इतका आहे, की खालचा कातळ बहुतेक ठिकाणी वर्णपटात दिसतच नाही.