बेट रिकामे करून मिळेल

गिरगावातल्या चाळीतला एक पागडीवाला भाडेकरू काढायचा म्हटलं तरी मालकाच्या दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. मालक जातो, चाळ टेकूवर येते, तारखा पडतच राहतात. मालक हो, तुमची पद्धतच चुकते. तुम्ही माणसं काढायला जाता. माणसं काढायची नसतात, ती मुळात नव्हतीच असं लिहून ठेवायचं असतं. ही विद्या शिकायची तर लंडनचा गुरू करा.

धड्यासाठी हिंदी महासागरातली चागोस बेटं घेऊ. त्यातलं मोठं बेट दिएगो गार्सिया. १९६०च्या दशकात अमेरिकेला इथे लष्करी तळ हवा होता आणि बेट माणसांविना हवं होतं. बेटं मॉरिशसकडे, मॉरिशस ब्रिटनकडे, आणि मॉरिशसचं स्वातंत्र्य तोंडावर आलेलं. अशा वेळी घराचा ताबा देण्याआधी परसू आपल्या नावावर करून घ्यावं. ८ नोव्हेंबर १९६५ला ब्रिटनने ही बेटं तोडून 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' नावाची कोरी करकरीत वसाहत काढली. सगळं जग वसाहती मोडीत काढत असताना नवी वसाहत काढायची म्हणजे छातीच लागते. मॉरिशसच्या हातावर ३० लाख पौंड टेकवले. (हिंजवडीतल्या स्टार्टअपवाल्यांनो, तुमच्या वेबसाइटच्या शेपटाला जे ऐटदार 'डॉट आयओ' असतं ना, ते याच वसाहतीचं.)

मोबदला रोख घेऊ नका. रोख दिसते, आणि दिसली की सभागृहात कोणीतरी उठून हिशेब मागतो. अमेरिकेने पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट दिली, तीही गुपचूप. व्हाइटमध्ये किती आणि बाकीचं कसं, हे आपल्याकडे फ्लॅट घेणाऱ्याला वेगळं शिकवायला नको.

आता मुख्य अडचण. बेटांवर दीड-दोन हजार माणसं होती. अठराव्या शतकात फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांचे हे बहुतेक वंशज. नारळ सोलायचे, खोबरं वाळवायचं, रविवारी चर्चला जायचं, मेलं की तिथल्याच वाळूत. कायमची वस्ती आहे असं मान्य केलं तर संयुक्त राष्ट्रांना उत्तरं द्यावी लागणार. म्हणून ठरलं की हे सगळे कंत्राटी मजूर, आज आहेत, उद्या जातील. गावाकडे तलाठ्याला हाताशी धरून उभ्या पिकाच्या रानावर 'पड' असा शेरा मारून घेतात, तसंच. फक्त इथे तलाठी ऑक्सफर्डचं इंग्रजी लिहायचा. १९६६च्या एका टिपणात परराष्ट्र खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने लिहिलं की तिथे सीगल पक्षी सोडले तर मूळ रहिवासी कोणी नसतील, आणि पक्ष्यांनी अजून आपली समिती नेमलेली नाही. खालच्या साहेबाने पुरवणी जोडली: दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर काही टार्झन आणि मॅन फ्रायडेही (रॉबिन्सन क्रूसोचा बेटावरचा नोकर) आहेत, त्यांचं मूळ काही स्पष्ट नाही. साहेब विनोदीही असतो, हे आपल्या लोकांना उगाच माहीत नसतं.

एकदा कागद तयार झाला की बाकी हमाली. उपचाराला किंवा नातेवाइकांकडे मॉरिशसला गेलेल्याला परतीची बोट द्यायची नाही. बेटावर येणारा शिधा आटवायचा. १९७१मध्ये बेटावरची कुत्री गोळा केली, खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडली आणि गाड्यांचा धूर सोडून मारली. माणसांना वेगळं सांगावं लागलं नाही. १९७३पर्यंत शेवटची बोट गेली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर आणि तिथल्या झोपडपट्टीत पुढे काय झालं, तो मॉरिशसचा अंतर्गत प्रश्न.

पण एक पथ्य पाळा: सगळ्या बेटांना एकच नियम लावू नका. १९८२मध्ये अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधलं ब्रिटनच्या ताब्यातलं फॉकलंड घेतलं. तिथे १८०० च्या आसपास लोक, म्हणजे चागोसएवढेच. त्यांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्कासाठी ब्रिटनने १३ हजार किलोमीटरवर आरमार पाठवलं, आपले २५५ सैनिक गमावले, अर्जेंटिनाचे ६४९ मारले. आणि त्याच वर्षी चागोसवाल्यांसाठी ४० लाख पौंड मंजूर करून कागदावर त्यांचे अंगठे घेतले: आता परतीचा हक्क सांगणार नाही. कागद इंग्रजीत, माणसं क्रिओल बोलणारी. फॉकलंडची माणसं दिसायला साहेबासारखी होती हा केवळ योगायोग समजावा.

कोर्टात हरलात तर घाबरू नका. २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयाने हकालपट्टी बेकायदा ठरवली. चार वर्षांनी सरकारने राणीच्या आदेशाने, संसदेत चर्चा न करता, परतीचा रस्ता पुन्हा बंद केला. पुढे पर्यावरणही कामाला येतं. २०१०मध्ये त्या समुद्राचं प्रचंड अभयारण्य जाहीर झालं. मासेमारी बंद, बॉम्बफेकी विमानं चालू. प्रवाळाला गळाचा त्रास होतो, बी-५२चा होत नाही.

आंतरराष्ट्रीय निकालांचं तंत्र जरा बारकाईने शिका. २०१६मध्ये दक्षिण चिनी समुद्राबाबतचा निकाल चीनविरुद्ध गेला, तेव्हा निकाल बंधनकारक असतो असं बजावणाऱ्यांत ब्रिटन होता. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मताने सांगितलं की चागोस सोडा. ब्रिटनने शांतपणे दाखवून दिलं की हा सल्ला आहे, आणि सल्ला ऐकायचाच असं कुठे लिहिलंय? संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ११६ देश विरुद्ध गेले, सोबत ५ उरले. नियमाधिष्ठित जागतिक व्यवस्था म्हणतात ती हीच. अधिष्ठानावर कोण बसलंय ते तेवढं पाहायचं.

मे २०२५मध्ये मॉरिशसशी करारावर सह्या झाल्या. त्यात ठरलं: बेटं मॉरिशसची, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ब्रिटनकडे. चाळीच्या पुनर्विकासात रहिवाशांची निदान सही लागते. इथे मूळ रहिवाशांना टेबलाशी खुर्चीही लागली नाही.

एवढं सगळं नीट पार पाडलंत तरी एक चूक गुरूकडूनही झालीच, ती तुम्ही करू नका. २००६मध्ये शंभरेक चागोसवाल्यांना काही दिवसांसाठी बेटांवर नेलं, पूर्वजांच्या थडग्यांवरचं रान काढायला. त्यांनी ते काढलं, फुलं वाहिली, परत बोटीत बसले. आता जिथे कधी कोणी राहतच नव्हतं तिथे इतकी माणसं मेली कशी, असं एखादं पोर विचारून बसायचं. तेव्हा सातबारा कोरा कराल त्याच दिवशी स्मशानाचंही बघून घ्या.