नकाशावर सगळं आहे म्हणे!

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

दुपारी आमच्या पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या) हॉलमध्ये इथल्या जागांची गॅलिक नावं लिहून घ्यायला जमलो होतो (गॅलिक म्हणजे स्कॉटलंडची जुनी भाषा; इथं वायव्य स्कॉटलंडात, वेस्टर रॉसमध्ये, कुणी तिला 'गेलिक' म्हणत नाही). टेबलभर नकाशे, चहा आणि सात-आठ म्हातारी माणसं. तेवढ्यात गावात नवीन घर घेतलेले एक गृहस्थ डोकावले. म्हणाले, "हे सगळं छापलेलं आहेच की! परत कशाला?" आणि गेलेसुद्धा.

काय छापलंय हो?

मागच्या सप्टेंबरात शेजारच्या आजींबरोबर ओढ्यावर गेले होते. त्या 84 वर्षांच्या. नकाशातलं स्पेलिंग वाचून मी नऊ वर्षं त्याला 'अल्ट अ म्हुइलिन' म्हणत आले. आजी थांबल्या. "वूलिन. औल्त अ वूलिन." म्हणजे गिरणीचा ओढा. मी विचारलं, गिरणी कुठाय? त्यांनी काठीनं नेचे बाजूला सारले. खाली जात्याच्या दुप्पट गोल दगड, अर्धा फुटलेला, मधलं भोक शेवाळानं बुजलेलं. "माझ्या आजीचे ओट इथं दळायचे."

हे कुठल्या नकाशात आहे, सांगा.

ऑर्डनन्स सर्व्हेवाल्यांनी, म्हणजे सरकारी नकाशे करणाऱ्यांनी, 19व्या शतकात नावांच्या वह्या केल्या, मान्य. कुणी सांगितलं तेही नावापुढे लिहिलं. पण विचारलं कुणाला? बहुतेक पाद्री, शाळामास्तर, जमीनदाराचा कारभारी. उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावर राहायच्या त्या बायका आणि पोरं! लोणी, चीज तिथंच व्हायचं. त्या माळाला 'आरी' म्हणतात. तिथल्या प्रत्येक झऱ्याला, खडकाला नाव त्यांच्या तोंडी होतं. त्यांना कोण विचारणार!

त्याच दिवशी आजींनी समोर बोट केलं. सगळा डोंगर तपकिरी, हीदरच्या झुडपांनी भरलेला, आणि मधेच एक हिरवागार ठिपका. पिढ्यान्‌पिढ्या गुरं बसली, शेण पडलं, म्हणून गवत अजून तसं. अशा चार आऱ्यांची नावं आजींना येतात. नकाशावर एकीचंच आहे.

बरं, गॅलिकचे अभ्यासक विल्यम वॉटसन यांनी 1904 साली आमच्या रॉस आणि क्रोमार्टी परगण्यातली नावं पॅरिशवार छापली, त्यांचे उपकारच आहेत. आणि 2022च्या जनगणनेत गॅलिक बोलणारे वाढून 70 हजारांच्या आसपास गेले, तेही खरं. पण वेस्टर्न आइल्समध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या बेटांवर, जिथं ती घराघरात होती, तिथं प्रमाण 52 टक्क्यांवरून 45वर आलंय. शहरात वर्गात बसून शिकणाऱ्याला आमचा ओढा कोण दाखवणार?

1872च्या शिक्षण कायद्यात गॅलिकचा उल्लेखही नव्हता. शाळेत बोलली म्हणून मुलांना मार बसायचा. आजींच्या आईनंही खाल्ला. आजी ते सांगताना हात पदराशी धरावा तसा कोटाशी घट्ट धरतात.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या गृहस्थांना तरी कुणी काय सांगितलंय? त्यांनी घर घेतलं, कागदावर आकडा आणि पिनकोड मिळाला.

उद्या ऊन पडलं तर आजींना गाडीनं रस्ता संपेपर्यंत नेणार. गुडघा चालू देत नाही, पुढचं त्या बोटानं दाखवतील, मी फोनवर आवाज भरून घेईन. जाताना त्या गृहस्थांचंही दार वाजवते. ओढा त्यांच्याच परसामागून जातो. नेचे पुन्हा वाढलेत, सारायला कुणीतरी लागेल.