सही आधी करा, सल्ला मग विचारा

वकिलाकडे कधी जावं? सगळं उरकल्यावर. पैसे देऊन झाले, खरेदीखत झालं, घराचा पाया भरला आणि मूळ मालकाचा पुतण्या कोर्टाचा मनाईहुकूम घेऊन बांधावर उभा राहिला, की मग निघावं. आधी गेलात तर फी पडते. नंतर गेलात तर जास्त पडते, पण तोवर कुणाचं ऐकून घ्यावं लागलं नाही हे समाधान पदरात असतं.

हा उपदेश करण्याची बुद्धी मला परवा रात्री झाली. झोपायच्या वेळेला व्हॉट्सअॅपवर एका ओळखीच्या गृहस्थांनी दस्ताचा फोटो पाठवला. निम्म्या मजकुरावर त्यांचं बोट, उरलेल्यावर ट्यूबलाइटची चमक. खाली ओळ : "वकीलसाहेब, जरा नजर टाका. चालेल ना?" दस्त गेल्याच महिन्यात नोंदवून झाला होता. आता चालेल ना म्हणजे काय? चाललाच की तो! त्यात काय होतं ते सांगतो, पण आधी बाकीची किरकोळ गिऱ्हाइकं उरकू.

जमीन घेताना नोटरीवर भागवा. गोल शिक्का, लाल सील, दोन तिकिटं. कागद कसा भारदस्त दिसतो! शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो, असं 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. सांगू दे. साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा नुसता करार, आणि कुलमुखत्यारपत्र एवढ्यावर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये पुन्हा एकदा बजावलं. पण "आमच्याकडे सगळे असंच करतात" असं एजंट म्हणाला ना? मग झालं. न्यायालय काय, दिल्लीत बसतं.

सातबाऱ्यावर नाव लागलं की मालक झालात. फेरफार फक्त महसुलाच्या कामासाठी असतो, असं म्हणणाऱ्याला घराबाहेर काढा.

घर भाड्याने देताना करार अकराच महिन्यांचा करा, म्हणजे नोंदणी लागत नाही. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, ते 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बिघडवू नये. त्याचं कलम 55 म्हणतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांना सूट नाही. नोंदवला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. तेव्हा भाडेकरू सज्जन बघूनच घ्या. भांडण होईपर्यंत सगळे सज्जनच असतात.

मृत्युपत्र करू नका. केलं की माणूस मरतो.

स्पीड पोस्टाने नोटीस आली तर घेऊ नका. "घेण्यास नकार" असा शेरा पडला की ती कायद्याने पोचली असं धरतात, पण पोस्टमनला परत पाठवल्याचा आनंद काही औरच.

बायकोशी पटत नसेल तर 500 च्या स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून घ्या, चार पंचांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या लग्नाचा मुहूर्त काढा. जातीत तशी रूढी असल्याचं सिद्ध करता आलं नाही तर पहिलं लग्न शाबूत राहतं आणि दुसऱ्याबद्दल सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण स्टॅम्पपेपर खरा होता, हे कोर्टाला अवश्य दाखवा.

नोकरीवर रुजू होताना एचआरने कोऱ्या कागदावर सही मागितली तर द्या. फॉरमॅलिटीच असते ती. पुढे त्याच सहीच्या वरच्या जागेत तुमचा राजीनामा छापलेला दिसेल, शुद्ध इंग्रजीत.

आता तो फोटो. हक्कसोडपत्र होतं ते. आई आणि दोन बहिणींनी भावाच्या लाभात लिहून दिलेलं, "राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला". त्या गृहस्थांची शंका एवढीच होती की बहिणींना आता पुढेमागे काही करता येणार नाही ना. कुलूप घट्ट बसलंय का, ते चोराने कुलूपवाल्याला विचारावं तसं. मी विचारलं, त्यांना काय सांगून नेलं होतं? उत्तर आलं : "वारसनोंदीला सह्या लागतात म्हटलं." पुढे हसरा चेहरा.

तर बहिणीचा हिस्सा घेण्याची रीत अशी. वडिलांचं वर्षश्राद्ध होऊ द्या, त्याआधी बरं दिसत नाही. गाडी पाठवून तिला आणा. पुरणपोळी करा, साडी घ्या. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दुपारी न्या. गर्दी असते, कुणी काही वाचत बसत नाही. अंगठा, कॅमेऱ्यात बघा, "मान्य आहे ना?" "हो." संपलं. तिने कागद वाचायला मागितलाच तर म्हणा, "आमच्यावर विश्वास नाही का?" या वाक्यापुढे बहीण टिकत नाही. टिकलीच तर आईला रडायला सांगा. आईचाही हिस्सा त्याच कागदावर जातोय, हे आईला सांगू नका.

तरी जुमानली नाही तर ठेवणीतली कारणं आहेतच. "तुझ्या लग्नात खर्च केला." बरं, हा कुठल्या कलमात बसतो? भावाच्या कॉलेजची डोनेशन, त्याच्या लग्नातला मांडव, त्याला घेऊन दिलेलं दुकान, ते कुणी वजा केलं? "वडिलांच्या देखत तोंडी वाटणी झाली होती." झाली होती तर कागद दाखवा, 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी कायदा मोडत नाही, पण आठवणीतली वाटणी सहसा कुणी मानत नाही. "तिचं लग्न फार आधी झालं." 1994 मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, तेव्हा आधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं, खरं आहे. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने तो अडसर काढला. "वडील त्याआधीच गेले." 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. आणि वडिलांनी स्वतः कमावलेलं? मृत्युपत्र नसेल तर त्यात आई, मुलगे, मुली सारख्या वाट्याचे धनी. 1956 पासून! सत्तर वर्षं होत आली आणि अजून लोक मला विचारतात, "मुलींना पण असतं का हो?" असतं. असतं. असतं!

उपरोध वगैरे राहू द्या आता, मला जमत नाहीये. राखी बांधून घेतलेल्या हाताने तुम्ही आपल्या सख्ख्या बहिणीला फसवलंत आणि मग तो फोटो मला पाठवून पक्कं झालं का म्हणून विचारताय. वर मला म्हणता, "जरा प्रॅक्टिकल व्हा." होतो. फसवून घेतलेली सही आयुष्यभर टिकेल असं मी लिहून देणार नाही, फुकटही नाही आणि फी घेऊनही नाही. हिस्सा हवा होता तर समोर बसून मागायचा होता. ती हो म्हणाली असती, बहिणी म्हणतात, निम्म्या वेळा डोळे मिटून म्हणतात. किंवा नाही म्हणाली असती, तो तिचा हक्क. तुम्ही विचारलंच नाहीत, कारण नकाराची भीती होती. यात कायद्याचा प्रश्न कुठे आला?

आणि बहिणींनो, तुम्हालाही सोडणार नाही. भाजी घेताना चार जुड्या उलटसुलट करून बघता आणि शेतजमिनीचा कागद न वाचता सही ठोकता? "माहेर तुटेल" म्हणून? सहीपुरतं जे माहेर बोलावतं ते किती जोडलेलं आहे? दस्ताची प्रत मागा. देत नसतील तर निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा उतारा काढा, ती कुणालाही मिळते. वकिलाला पैसे नाहीत हे कारण सांगू नका. बाईला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, 15100 वर फोन करा. फसवणुकीने घेतलेला दस्त रद्द करून मागायला तीन वर्षं असतात, आणि ती फसवणूक कळल्या दिवसापासून मोजतात. आता कळलंय ना? मग मोजायला लागा.