जुळ्या बहिणींचे वाढदिवस मोजून पाहा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश पुन्हा फिरून आला. दादरला शेजारची लोकल सुटली तरी आपलीच सुटल्यासारखे वाटते, म्हणजे हलते कोण हे ठरवता येत नाही; अंतराळयात्री व पृथ्वीवासी दोघांनाही समोरच्याचे घड्याळ मंद भासते; म्हणून जुळ्यांपैकी एक वेगाने अंतराळात जाऊन आले तर परतलेले भावंड दुसऱ्यापेक्षा तरुण राहते, हे आइन्स्टाइनच्या 1905 च्या सिद्धान्ताशीच, म्हणजे विशिष्ट सापेक्षतेशीच, विसंगत आहे, असा त्याचा दावा. शिवाय त्वरणाचा, म्हणजे वेग किंवा दिशा बदलण्याचा, विचार विशिष्ट सापेक्षतेच्या कक्षेत येत नाही आणि 1971 च्या विमानप्रयोगात काही घड्याळे मागे पडली, काही पुढे गेली, तेव्हा सारेच खोटे, अशी पुस्तीही त्यात आहे.

लोकलचे उदाहरण चुकीचे नाही, अपुरे आहे. गाडी सरळ रेषेत एकसमान वेगाने धावते तोवरच ते लागू पडते. विरारला जाऊन परतणाऱ्याची गाडी थांबते, दिशा बदलते, फलाटावरच्या माणसाचे तसे काही होत नाही. पण एवढ्याने वयातला फरक समजत नाही, म्हणून हिशेबच मांडू.

एक बहीण दादरला राहते, तिची जुळी प्रकाशाच्या 0.8 पट वेगाने 8 प्रकाशवर्षे दूर जाऊन लगेच परत फिरते. दोघी आपापल्या घड्याळानुसार दर वाढदिवसाला एकमेकींना रेडिओसंदेश धाडतात. वाढते अंतर आणि कालविस्तार (वेगाने हलणारे घड्याळ मंद चालणे) यांच्या एकत्रित परिणामाने, दूर जाताना दोघींनाही संदेश 3 वर्षांनी एक असे मिळतात. जवळ येताना वर्षाला 3. इथवर व्हॉट्सॲपवाल्याची सममिती, म्हणजे दोघींना सारखेच दिसणे, शाबूत आहे. ती मोडते कुठे, तर हा बदल केव्हा कळतो तिथे. प्रवासिनी वळताच तिला तो जाणवतो: जाताना तिच्या घड्याळाच्या 6 वर्षांत (दादरच्या घड्याळाने 10) 2 संदेश, येताना 6 वर्षांत 18, एकूण 20. दादरच्या बहिणीला मात्र वळल्याची बातमी पोहोचायला, प्रवासिनीच्या जाण्याची 10 आणि संदेश परत येण्याची 8 मिळून, 18 वर्षे लागतात. त्या काळात तिला 6 संदेश येतात आणि उरलेल्या 2 वर्षांत आणखी 6, एकूण 12. परतल्यावर एकीची 20 वर्षे सरलेली, दुसरीची 12, आणि हे दोघींनाही मान्य, कारण संदेश मोजलेले आहेत.

त्वरणाचा मुद्दा थोडक्यात उरकतो. त्वरणयुक्त गतीचा हिशेब विशिष्ट सापेक्षतेत करता येतो. व्यापक सापेक्षता लागते ती गुरुत्वाकर्षणासाठी. शिवाय सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील 1977 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्तुळाकार फिरणारे म्यूऑन नावाचे अल्पायुषी कण अचाट त्वरण सोसत असूनही 2.2 मायक्रोसेकंदांऐवजी सरासरी सुमारे 64 मायक्रोसेकंद टिकले; ही सुमारे 29 पट वाढ निव्वळ वेगाने यायला हवी तेवढीच होती.

राहिली विमाने. 1971 च्या त्या प्रयोगात हाफेले आणि कीटिंग यांनी सिझियमची अतिअचूक आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून जगभर फिरवली. वॉशिंग्टनमधले तुलनेचे घड्याळही पृथ्वीच्या परिवलनाबरोबर पूर्वेकडे फिरत असते. पूर्वेला जाणाऱ्या विमानाचा वेग त्यात भर घालतो, पश्चिमेला जाणाऱ्याचा तो कमी करतो, म्हणून वेगामुळे पूर्वेचे घड्याळ मागे पडते, पश्चिमेचे पुढे जाते; आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने दोन्ही घड्याळे थोडी पुढे सरकतात. या सगळ्याची बेरीज पूर्वेसाठी सुमारे 40 नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग) मागे आणि पश्चिमेसाठी सुमारे 275 पुढे अशी येत होती. मोजमाप आले 59 मागे आणि 273 पुढे, आणि पूर्वेकडील आकड्यांतली तफावत प्रयोगाच्या त्रुटिमर्यादेत बसते.