फुकटचा डबा आणि भावाची ऑर्डर
कोल्हापूरजवळ फौंड्री चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने व्यावसायिकांच्या गटात फिरणारा एक संदेश परवा मला पाठवला आणि खाली विचारले, ‘दादा, नव्या राउटरची ऑर्डर रद्द करू का?’ इंटरनेट कंपनीने फुकट दिलेला राउटरचा डबा कार्यालयाला पुरतो, गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएसचे पोर्ट असलेले सगळे राउटर सारखेच, दुसरी इंटरनेट जोडणी ही चैन, आणि ‘चालू राउटरचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) कधीही अपडेट करू नये, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर हाताळण्याची सोय) मात्र चालू ठेवावे’ असे चार दावे त्यात आहेत.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण तो नुसता चुकीचा नाही, घातक आहे. रिमोट मॅनेजमेंट चालू ठेवणे म्हणजे राउटरचे लॉगिन पान साऱ्या जगापुढे उघडे टाकणे. आणि भावाच्या डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड तीन वर्षांत कोणी बदललेला नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. मे २०१८मध्ये सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या टॅलॉस या संशोधन गटाने व्हीपीएनफिल्टर हे मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) उघडकीस आणले, तेव्हा ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणे बाधित होती. त्यांत घरगुती राउटरांबरोबर व्यवसायात सर्रास वापरले जाणारे मिक्रोटिक कंपनीचे राउटरही होते. यांतील बहुतेक उपकरणांच्या त्रुटी किंवा मूळचे पासवर्ड आधीपासूनच जगजाहीर होते. त्रुटी अपडेटनेच बुजतात, म्हणून किमतीआधी विचारायचे ते हे, की या मॉडेलला अपडेट किती वर्षे मिळणार? अपडेटनंतर राउटर अडून बसतो, हे कधीकधी घडते, मान्य. त्यासाठी सेटिंगचा बॅकअप घेऊन सुट्टीच्या दिवशी अपडेट करावे.

पोर्टचा वेग हा राउटरचा वेग नव्हे. मिक्रोटिकच्या हेक्स (आरबी७५०जीआर३) या राउटरला पाच गिगाबिट पोर्ट आहेत, पण आयपीसेक व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून सांकेतिक केलेल्या सुरक्षित जोडणीचा, वेग उत्पादकच सुमारे ४७० एमबीपीएस सांगतो.

दोन संगणक आणि एक प्रिंटर असलेल्या दुकानाला फुकटचा डबा पुरतो, एवढे खरे. भावाकडे २२ संगणक, टॅलीचा सर्व्हर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर एकाच नेटवर्कवर आहेत. ते व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे स्वतंत्र भाग) करून वेगळे काढण्याची सोय त्या डब्यात नाही.

राहिली दुसऱ्या जोडणीची ‘चैन’. गेल्या पावसाळ्यात केबल तुटली, तेव्हा मालाने भरलेला ट्रक तासभर फाटकात उभा होता आणि अखेर कारकुनाच्या मोबाइलवरून ई-वे बिल काढावे लागले.

ऑर्डर तशीच ठेव, असे भावाला कळवले आहे; नवा राउटर येईपर्यंत डब्याचा पासवर्ड आजच बदल, हेही.