गाडीतल्या गोष्टी आणि एका आजोबांची तक्रार

नमस्कार आजोबा,

खाली 'एक आजोबा' एवढीच सही आहे, म्हणून आजोबाच म्हणते. गाडीत मुलांना पॉडकास्ट, म्हणजे मोबाईलवर हवे तेव्हा ऐकायचे गोष्टींचे कार्यक्रम, लावून देण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. बाकीच्यांसाठी तुमच्या म्हणण्याचा गाभा देते : "खिडकीबाहेर अख्खा सह्याद्री उभा असताना पोरांच्या कानात काहीबाही ओतायचं कशाला? स्क्रीन काढून घेतलीत आणि गप्प बसवायचा तोच उद्योग कानातून सुरू केलात. जरा कंटाळू द्या की त्यांना. आणि गोष्टीच हव्यात तर आईबापांना तोंड नाही का?"

शेवटचं वाक्य लागलं. दोन दिवस उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणे, "आजोबा बरोबर बोलतायत." घरभेदी!

तर आधी तोंडाचंच बघू. तोंड आहे, आणि गोष्टीही येतात. पण आमचा नेहमीचा रस्ता म्हणजे पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, माणगाव, मग आंबेतचा पूल ओलांडून मंडणगड आणि दापोली. थांबत थांबत पाच-सहा तास. मी पुढच्या सीटवर, मुलं मागे. गोष्ट सांगायची तर मान मागे वळवावी लागते, नाहीतर "आई, काय म्हणालीस? ऐकू नाही आलं" हे दर वाक्याला. आणि ताम्हिणीच्या वळणांवर मान मागे करून बोललं की मलाच गाडी लागते. एकदा उंदराच्या टोपीची गोष्ट सांगता सांगता मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली होती. टोपीला गोंडे लागायचे राहिले ते राहिलेच.

गाडी लागण्यावरूनच आमच्याकडे हे सगळं सुरू झालं. धाकटा पाच वर्षांचा आहे. साधारण दोन ते बारा या वयात मुलांना गाडी जास्त लागते म्हणतात, आणि हा त्या नियमाचा आदर्श विद्यार्थी. आवळासुपारी झाली, आलेपाक झाला, लिंबू हुंगून झालं. फरक पडला तो हातातला मोबाईल आणि चित्रांचं पुस्तक काढून घेतल्यावर. कारण सोपं आहे. गाडी वळली की आतल्या कानाला ते कळतं, पण डोळे मांडीवरच्या पडद्याला चिकटलेले असतील तर ते मेंदूला सांगतात, काही हललेलंच नाही. दोघांची साक्ष जुळत नाही आणि पोट ढवळायला लागतं. डोळे लांबवर, डोंगराकडे किंवा रस्त्याकडे लागलेले असले की साक्ष जुळते. गोष्ट ऐकताना डोळे मोकळे असतात. म्हणजे तुम्हाला हवा असलेला सह्याद्री आमची मुलं ऐकता ऐकताच बघतात. पडदा असता तर एकही धबधबा दिसला नसता, वर पिशवी धरायची वेळ आली असती ती वेगळीच.

"मोबाईल तो मोबाईलच" असंही तुम्ही म्हटलंय. तो डॅशबोर्डच्या खणात असतो, आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो, आणि चालवणारा त्याला हात लावत नाही. हेडफोन आम्ही मुलांना देतच नाही. एक तर इंजिनाच्या आणि रस्त्याच्या आवाजावर मात करायला मुलं आवाज वाढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबल आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि चालत्या गाडीत हेडफोन कितीवर आहे हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हेडफोन लावले की चार माणसं चार बेटांवर. स्पीकरवर एकच गोष्ट चौघांच्या कानावर पडते आणि मग ती चौघांची होते.

ती चौघांची होते म्हणजे काय, ते सांगते. श्रावणातल्या एका फेरीत लोककथेचा एक भाग लावला होता. त्यात बाई पहाटे उठते, रवी उचलते आणि ताक घुसळायला बसते. धाकटा ओरडला, "थांबव! थांबव!" आम्हाला वाटलं पिशवी हवीय. तर त्याचा प्रश्न असा, की तिने रवीला उचललं कसं? त्याच्या वर्गात रवी नावाचा मुलगा आहे, आणि तो वजनाने जरा जास्तच आहे. आम्ही पिरंगुटपासून पौडपर्यंत हसत होतो. मग नवऱ्याने त्याच्या आजीची रवी कशी होती, दोरी खांबाला कशी बांधायचे, लोणी वर आलेलं आवाजावरून कसं कळायचं, हे सगळं सांगितलं. हा माणूस एरवी गाडी चालवताना टोल आणि डिझेल सोडून कशावर बोलत नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, रवीचा किस्सा मी पहिल्यांदा ऐकला.

हे माझ्या गोष्टीने झालं नसतं. मी सांगत असते तर 'रवी' हा शब्दच वापरला नसता. 'घुसळायचं लाकडी ते' असं काहीतरी म्हणून पुढे गेले असते. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांशी आपण नकळत सोप्या शब्दांत बोलतो. कोनाडा, उखळ, फडताळ हे शब्द त्यांना माझ्याकडून नाही, त्या अनोळखी सांगणाऱ्यांकडून मिळालेत.

आणि पेटीतून गोष्ट ऐकणं हे काही आजचं आहे का हो? पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली आणि तिच्यावर मुलांसाठी 'बालोद्यान' लागायचं. माझी आई त्याबद्दल अजून डोळे चमकावून बोलते. तिला कुणी म्हटलं नाही की आईबापांना तोंड नाही का. पॉडकास्ट हा शब्द २००४ मधला, आयपॉड (गाणी ऐकायचं खिशातलं यंत्र) आणि ब्रॉडकास्ट (प्रसारण) यांची मोट बांधून केलेला. गंमत म्हणजे तो आयपॉड २०२२ मध्ये बंद झाला आणि त्याच्या नावाचा हा तुकडा तेवढा मागे उरला. पण रेडिओत आणि यात एक मोठा फरक आहे : रेडिओ "थांब" म्हटल्यावर थांबत नव्हता. आमच्या गाडीत थांबवायचा हक्क थोरलीकडे आहे, आणि ती तो तहसीलदाराच्या थाटात बजावते.

आता तुमचं जिथे बरोबर आहे तिथे येते. ते सगळंच चुकीचं असतं तर मला लागलं नसतं.

गेल्या गणपतीनंतर परतताना माणगावला अडकलो. त्या दिवसांत तिथे काय होतं हे कोकणात जाणाऱ्याला सांगायला नको. अडीच तासांत गाडी जेमतेम बाजारपेठ ओलांडून गेली. मी एकामागून एक भाग लावत गेले. एक संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. मुलं शांत, आम्ही शांत. निजामपूरला चहाला थांबलो तेव्हा सहज विचारलं, "शेवटच्या गोष्टीत काय झालं रे?" दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्या अडीच तासांत कुणी एकदाही "थांबव" म्हटलं नव्हतं. तुम्ही ज्याला गप्प बसवणं म्हणता ते नेमकं हेच, आणि ते मी केलं. आधीच्या लेखात ही फेरी मी वगळली होती. फक्त चांगल्या फेऱ्या लिहिल्या. त्याबद्दल कान पकडते.

त्यानंतर सलग दोन भागांपुढे जायचं नाही असं ठरवलं. आणि घाटात पूर्ण बंद. ताम्हिणीत ऐन पावसात काचा खाली करून नुसतं पाण्याचं ऐकायचं. हा नियम खरं तर आम्ही नाही, रेंजने केला. एकदा गोष्ट डाउनलोड करायला विसरले होते. राजपुत्र विहिरीत उतरतो आणि खालून कुणीतरी त्याचा पाय धरतं, तिथे रेंज गेली. आधी बोंबाबोंब. मग धाकट्याने जाहीर केलं की विहिरीत कासव आहे. थोरली म्हणाली, कासव पाय धरत नाही, चावतं. मग ते दात पडलेलं कासव झालं, म्हणून त्याने धरलं. घाट उतरेपर्यंत त्या कासवाला दातांची कवळी, डॉक्टर आणि एक मामा मिळाला होता. खाली रेंज आल्यावर खरा शेवट ऐकला. विहिरीत राक्षस होता. दोघांनी एकमुखाने निकाल दिला : "फालतू."

तर कंटाळू द्या म्हणता, ते मान्य. पण कंटाळ्यालाही काहीतरी सामान लागतं. अर्धवट तुटलेली गोष्ट हे फार चांगलं सामान आहे. भेंड्या आम्हीही खेळतो, फक्त 'ळ' आला की आमच्यात मारामारी होते.

एक तक्रार मात्र तुम्ही केली नाहीत, ती मीच करते. मराठीत मोठ्यांसाठी ऐकायला आता पुष्कळ आहे. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं ते मराठी घेऊनच. मुलांसाठी त्या मानाने कमी, आणि जे आहे त्यातलं बरंच "बाळगोपाळांनोऽऽ" अशा हेल काढलेल्या सुरात. नऊ वर्षांच्या मुलीला तो सूर ऐकला की आपला अपमान झाल्यासारखं वाटतं. दोन मिनिटं ऐकून ती बंद करते, आणि मी तिला दोष देत नाही. शेवटी दर फेरीत एखादा इंग्रजी भाग येतोच. अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवाल्यांचा 'ब्रेन्स ऑन' हा विज्ञानाचा पॉडकास्ट २०१२ पासून चालू आहे. त्यात दर भागात एक मूल सहनिवेदक असतं, आणि कुणी कुणाला बाळगोपाळ म्हणत नाही. उदाहरणं तिकडची असतात, बर्फ साफ करायचा फावडा वगैरे, ते आपण सोडून द्यायचं.

त्यात एक गूढ आवाजाचा खेळ असतो. एक आवाज ऐकवतात, तो कशाचा ते ओळखायचं. तो थोरलीने उचलला. या मे महिन्यात दापोलीच्या घरी माझा फोन घेऊन ती दिवसभर हिंडत होती. पडवीतला झोपाळा, न्हाणीघरातलं पाण्याचं घंगाळ, कौलावर पडलेला आंबा, सगळं टिपलं. परतताना आंबेतच्या पुलाच्या अलीकडे तिने गोष्ट बंद करायला लावली आणि एक आवाज लावला. खर्र, खर्र, मग थोडं थांबून परत खर्र. मी म्हटलं करवत. नवरा त्याच घरात वाढलेला, तो छातीठोकपणे म्हणाला, "पाटा-वरवंटा. शंभर टक्के." दोघेही नापास. मागून धाकटा म्हणाला, "आजी नारळ खवतेय. मधे थांबते ना, तेव्हा मला खोबरं देते."

नवऱ्याचं म्हणणं, रेकॉर्डिंग खराब होतं.